नाकासमोर

सडबरीत हिवाळ्यात तळं म्हणजे आमचं अंगण.
बाबा बर्फावर खुर्ची टाकतात,
गिरमिटानं ताटाएवढं भोक पाडतात
आणि पाहुणा येणार असल्यासारखे
त्या भोकाशी बसून राहतात.

पाणी नितळ. तीन पुरुष खोलवरचा दगड दिसतो.
उन्हाळ्यात बाहेरगावचे लोक म्हणतात,
काय स्वच्छ तळं!
आम्ही हो म्हणतो.
स्वच्छच आहे,
गढूळ करायला आत कुणी उरलेलं नाही.

पर्च येतो. हिरवट अंग, काळे पट्टे,
वय सात वर्षं, लांबी माझ्या करंगळीएवढी.
गळावरच्या आळीपाशी थांबतो.
बघतो.
आळी वळवळते, तो बघतो.
मग काही आठवलं नाही तसा निघून जातो.

बाबा मला विचारतात, तू शिकलेली आहेस, सांग,
याला भूक नाही का?

मी प्रयोगशाळेत हेच मोजते.
दोन टाक्या. डावीत उत्तरेकडच्या तळ्याचं पाणी,
उजवीत धुराड्याखालच्या तळ्याचं.
दोन्हीकडे एकाच वेळी एकेक आळी
आणि माझ्या हातात घड्याळ.
डावीकडे: चार सेकंद. पाच. चार.
उजवीकडे: एकतीस.
उजवीकडे: तोंडात घेतली, थुंकली.
उजवीकडे: चहा करून आले, आळी तिथेच.

तांबं नाकात बसतं, मी बाबांना सांगते.
माशालाही नाक असतं, डोळ्यांपुढे दोन भोकं,
त्यातून पाणी आत जातं,
पाण्याबरोबर जेवणाचा निरोप जातो.
निरोप पोचतो, पण दार उघडायला कुणी येत नाही.
भूक आहे, बाबा. भुकेला पत्ता सापडत नाही.

ते हसले नाहीत.
तौनो लेहतोला, निकेलच्या भट्टीवर चोवीस वर्षं,
फिनलंडहून आलेल्या सुताराचा मुलगा,
आयुष्यभर नाकासमोर चालला:
घर, भट्टी, सौना, घर.
आणि गेलं ते नेमकं नाकच.
कधी गेलं, त्यांना कळलं नाही.
आईला कळलं,
दूध करपलं तेव्हा ते शेजारीच पेपर वाचत होते.

आणखी एक प्रयोग असतो, तो मी त्यांना सांगितला नाही.
एका पर्चचं कातडं खरवडून
ते पाणी टाकीत सोडायचं.
कुणीतरी जखमी झालंय, जवळच, पळा,
असा त्या पाण्याला वास असतो.
डावीकडचे सगळे खाणं सोडून तळाशी दडतात.
उजवीकडचे
जिथे होते तिथे, संथ,
एखाद्या रविवारी असावेत तसे.

बर्फावर ऊन उतरू लागलं होतं.
बाबांनी दोरी गुंडाळली.
बरे होतात का ते, चांगल्या पाण्यात ठेवल्यावर?
काही होतात, मी म्हटलं.
दोन आठवड्यांत बरेचसे आळी शोधू लागतात.
तिघं नाही झाले.
किती दिवस ठेवलं त्या तिघांना?
चाळीस.
ते बराच वेळ बोटांवर काहीतरी मोजत राहिले.
भट्टी सोडून त्यांना एकोणतीस वर्षं झालीत.

घरी मी पुल्ला भाजला होता, आईच्या वहीतला,
वेलदोडा तिच्यापेक्षा जरा जास्तच घालून.
घरभर दरवळत होता,
खिडक्यांच्या काचांवर वाफ धरली होती.
बाबांनी बूट काढले, हात धुतले,
तुकडा मोडला,
सवयीनं नाकाशी नेला,
डोळे मिटले.

छान झालाय, म्हणाले.

आईलाही ते असंच म्हणत असतील.
मी घड्याळ लावलं नव्हतं,
तरी आपोआप मोजले गेलेच:
एक, दोन, तीन, चार,
पाच,
आणि मग त्यांनी तो तोंडात घातला.